राजाची खुर्ची आणि दाराजवळची जागा

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाचे व्याख्यान म्हणजे नाटक आणि फराळ यांच्या मध्ये येणारा अडथळा, हे मला चांगले ठाऊक आहे. तेव्हा फार वेळ घेणार नाही. चिटणीसबाईंनी विषय माझ्यावर सोपवला, म्हणून मी नाटकाचाच विषय निवडला. पण नाटकातल्या माणसांचा नव्हे. त्यांच्या पाठीमागे जे खोटे राजवाडे, खोटे खांब आणि खोटे रस्ते उभे असतात, त्यांच्याविषयी मी बोलणार आहे.

या विषयाला कारण घडले ते आपल्याच मंडळात. गेल्या वर्षीचे आपले नाटक आठवते ना? राजवाड्याचा पडदा आपल्या सभासद भगिनींनी आठ दिवस खपून रंगवला होता. मधल्या रांगेत बसून मी तो पाहिला आणि खरोखर थक्क झाले. खांबांमागे खांब, त्यांच्यामागे कमानी, आणि पार टोकाला सज्जा! आपल्या एवढ्याशा सभागृहात एवढा लांब महाल आला कुठून, असे वाटावे. राणीच्या शोकाचा प्रवेश ऐन रंगात आला असताना दाराशी उभ्या असलेल्या एक बाई फिसकन् हसल्या. त्या दिवशी साऱ्या फराळाचे त्यांनीच पाहिले होते, आणि हातातले काम संपवून नुकत्याच येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी मागे वळून त्यांना जरा रागानेच गप्प केले. नंतर त्या म्हणाल्या, "अहो, तुम्हाला महाल दिसला. मला दारातून दिसली ती विंगेमागे बशीतून चहा पिणारी दासी, आणि खांब म्हणाल तर अर्धा इकडे नि अर्धा तिकडे!"

हे शब्द माझ्या मनात राहिले. नंतर या विषयाचे मिळेल ते वाचीत गेले, तेव्हा कळले की त्या बाईंची तक्रार आपल्या मंडळाची नाही. ती चारशे वर्षांची जुनी आहे.

प्रथम ही जादू करतात कशी ते पाहू. एखाद्या जुन्या वाड्याच्या लांब ओसरीच्या एका टोकाला उभे राहा. जवळचा खांब उंच दिसतो, त्याच्या पुढचा थोडा लहान, शेवटचा तर बोटाएवढा. जमीन वर चढल्यासारखी आणि तुळया खाली उतरल्यासारख्या दिसतात. चित्रकलेचे मास्तर याला यथादर्शन म्हणतात. इंग्रजी शब्द पर्स्पेक्टिव्ह. नाटकाचा चित्रकार याच अनुभवाचा लबाडीने उपयोग करतो. रंगमंच असतो वीस फूट खोल. त्याला दाखवायचा असतो दोनशे फूट. मग तो रंगमंचाची जमीन मागे मागे चढती ठेवतो, दोन्ही बाजूंच्या विंगा मागे मागे जवळ आणतो, त्यांच्यावरचे खांब ठेंगणे करीत नेतो, आणि शेवटी मागच्या पडद्यावर उरलेला महाल रंगवतो. पहिल्या विंगेवरची कमान दुसरीवरच्या कमानीशी जुळते, दुसरीवरची तिसरीशी, आणि आपल्याला अखंड इमारत दिसते.

यात अडचणी दोन. पहिली नटाची. राणी चालत चालत मागच्या खांबापर्यंत गेली, तर तिचे डोके खांबाच्या वर निघायचे आणि महालाचे खेळणे व्हायचे! दुसरी अडचण प्रेक्षकांची. या साऱ्या रेषा जुळतात त्या एकाच ठिकाणाहून पाहिल्या तर. त्या ठिकाणापासून जितके बाजूला सरकाल तितक्या विंगा एकमेकींपासून सुटत जातात आणि त्यांच्या मधल्या फटींतून चहा पिणारी दासी दिसू लागते. म्हणजे चित्रकाराला कुंचला हाती घेण्यापूर्वीच एक गोष्ट ठरवावी लागते : हे चित्र कोणाच्या डोळ्यांसाठी?

इटलीत विचेन्झा नावाचे गाव आहे. तेथील विद्वानांच्या ऑलिंपिक अकादमीने आंद्रेआ पॅलाडिओ या थोर वास्तुशिल्पकाराला प्राचीन रोमन पद्धतीचे नाट्यगृह बांधावयास सांगितले. काम १५८० साली सुरू झाले आणि त्याच वर्षी पॅलाडिओ वारला. रंगमंचामागची दृश्ये पुढे व्हिन्चेन्झो स्कामोझ्झी याने केली. ३ मार्च १५८५ रोजी तेथे सोफोक्लीसचा 'ईडिपस' झाला, ज्याला पु. ल. देशपांडे यांच्यामुळे आपण 'राजा ओयदिपौस' म्हणून ओळखतो. नाटक घडते थीब्ज नगरीत. म्हणून स्कामोझ्झीने रंगमंचाच्या भव्य भिंतीतल्या कमानींमागे थीब्जचे सात रस्ते उभे केले. लाकूड आणि गिलावा यांची ती घरे. रस्ते चढत जाणारे, घरे ठेंगणी होत जाणारी. थोडक्या जागेत एक नगर दूरवर पसरल्यासारखे दिसते. एका नाटकासाठी केलेले हे रस्ते आजही त्या नाट्यगृहात उभे आहेत.

मला त्यातली सर्वांत आवडलेली गोष्ट निराळीच आहे. एकच मोठा रस्ता मध्यभागी काढला असता तर तो मधल्या मंडळींनाच धड दिसला असता. स्कामोझ्झीने सात काढले आणि ते वेगवेगळ्या दिशांना वळवले. त्यामुळे अर्धलंबवर्तुळाकार पायऱ्यांवर कोणी कोठेही बसो, निदान एक रस्ता त्याला लांबवर दिसतोच. हे नाट्यगृह राजाने नव्हे, अकादमीच्या सभासदांनी आपल्यासाठी बांधले होते. आपल्या भाषेत बोलायचे तर, ते मंडळाचे सभागृह होते!

पुढे मात्र ही विद्या राजवाड्यांत गेली आणि तिची दृष्टी बदलली. निकोला साब्बातिनी या इटालियन स्थपतीने रंगमंचाचे देखावे आणि यंत्रे कशी करावीत यावर एक पुस्तक लिहिले. ते १६३८ साली प्रसिद्ध झाले. ढग खाली कसे आणावेत, समुद्र कसा उसळवावा, सारे त्यात सांगितले आहे. त्यातच राजाचे आसन कोठे ठेवावे आणि बाकीच्या प्रेक्षकांना कसे बसवावे, हेही सांगितले आहे. रसिक आणि सुसंस्कृत मंडळींना मध्यभागी बसवावे, कारण देखावा तेथून निर्दोष दिसतो. सामान्य माणसांना कडेला बसवावे, कारण तेथून तो नीट दिसत नाही, आणि अशी माणसे बारकाईने पाहतही नाहीत!

आणि बायका? त्यांच्यातल्या सुंदर स्त्रिया मधोमध बसवाव्यात, असे साब्बातिनी सांगतो. त्यांना देखावा नीट दिसावा म्हणून नव्हे हो. त्यांच्याकडे पाहून नटांना हुरूप यावा म्हणून! म्हणजे नाटक पाहावयास आलेली बाई हीसुद्धा त्याच्या लेखी एक देखावाच.

आपण हसलो, पण साब्बातिनीला फार दोष देऊ नये. त्याने मनातले कागदावर लिहिले, एवढेच. न लिहिता तसेच वागणारे पुष्कळ होते आणि आहेत. माझी आजी लहानपणी तालुक्याच्या गावी नाटक कंपनीच्या तंबूत नाटके पाहावयास जाई. बायकांची जागा वेगळी, एका कडेला. साठ वर्षांनंतरही तिला पदेच्या पदे पाठ होती. तान कोठे घेतली ते ती हाताने दाखवी. पण पडद्यांविषयी विचारले की म्हणे, "राजवाडा होता म्हणतात बाई, आमच्याकडून खांबाचा कोपरा दिसायचा." तिच्या तिकिटाचे पैसे काही कोणी कमी घेतले नव्हते.

असो. इटालियनांची कारागिरी मोठी होती यात शंका नाही. व्हेनिसमध्ये जाकोमो तोरेल्ली याने १६४० नंतरच्या काही वर्षांत अशी व्यवस्था बसवली की रंगमंचाखालचा एक रहाट फिरवला की साऱ्या विंगा एकदम बदलत. राजवाड्याचे क्षणात अरण्य होई. फर्दिनांदो गाल्ली बिब्बिएना याने १७११ साली आपल्या ग्रंथात आणखी एक युक्ती मांडली. रस्ता सरळ समोर न नेता त्याने इमारत कोपऱ्यावरून दाखवली, म्हणजे तिच्या दोन भिंती दोन बाजूंना दूर पळत जातात. यामुळे महालाचा शेवट कोठे आहे ते कळेनासे झाले. स्वीडनच्या राजधानीजवळ ड्रॉटनिंगहोम येथे १७६६ सालचे राजघराण्याचे नाट्यगृह आहे, तेथे ही जुनी यंत्रे अजून चालतात. गुस्ताव तिसरा या नाटकवेड्या राजाचा १७९२ साली खून झाला आणि हळूहळू ते नाट्यगृह अडगळीत पडले. १९२१ साली आग्ने बेयर या अभ्यासकाला ते धुळीखाली जसेच्या तसे सापडले. दोर, कप्प्या, रंगवलेल्या विंगा, हाताने फिरवावयाच्या लाटा, मेघगर्जनेसाठी दगड भरलेली लाकडी पेटी, सारे शाबूत. गंमत अशी की प्रेक्षागृहातला संगमरवरही रंगवलेल्या लाकडाचा आहे! आणि राजाराणीच्या खुर्च्या मधोमध, सर्वांच्या पुढे.

याच काळात युरोपात निराळे वारे वाहू लागले होते. हर्क्युलेनियम आणि पाँपेई ही ज्वालामुखीखाली गाडली गेलेली रोमन नगरे १७३८ आणि १७४८ पासून खणून निघू लागली. ग्रीक देवळांची मोजमापे घेतली गेली. नक्षी आणि वेलबुट्ट्यांच्या गर्दीला कंटाळलेल्या कलावंतांना साधे खांब, सरळ रेषा आणि मोकळी भिंत यांचे सौंदर्य नव्याने जाणवले. या वळणाला नवअभिजात शैली म्हणतात. ती इमारतींत आली तशी नाटकाच्या पडद्यांवरही आली.

या शैलीच्या दोन चित्रकारांची गोष्ट शेजारी शेजारी ठेवण्यासारखी आहे. पहिला पिएत्रो गोन्झागा. हा इटालियन, १७९२ साली रशियात गेला आणि तेथेच स्थायिक झाला. पडद्यांच्या कलेला तो डोळ्यांचे संगीत म्हणत असे. मॉस्कोजवळ आर्खांगेल्स्कोये येथे युसुपोव नावाच्या धनाढ्य सरदाराचे खाजगी नाट्यगृह आहे. १८१८ साली रशियाचा झार पहिला अलेक्झांडर आणि प्रशियाचा राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म यांच्यापुढे तेथे खेळ झाला, तो नुसत्या देखाव्यांचा. नट एकही नाही! देखावे एकामागून एक बदलत गेले आणि राजेलोकांनी ते पाहिले. त्यांतले चार देखावे आणि दर्शनी पडदा अजून जपून ठेवलेले आहेत. माणसावाचून चालणारा रंगमंच! कारागिरीची ही परमावधी खरी. पण राणीचा शोक तेवढा तीत नाही.

दुसरा कार्ल फ्रीडरिश शिंकेल, त्याच प्रशियाच्या राजाचा वास्तुशिल्पकार. बर्लिनमधल्या प्रसिद्ध इमारती त्याच्या. इमारतींना पैसा नसण्याच्या काळात त्याने चित्रांवर आणि पडद्यांवर गुजराण केली. १८१३ साली बर्लिनच्या राष्ट्रीय नाट्यगृहाच्या सुधारणेसाठी त्याने एक योजना मांडली. तिचे सार असे : विंगांची ही रांगच्या रांग काढून टाका. एक विशाल पडदा मागे असू द्या, तो चित्रासारखा. नट पडद्यापुढे, प्रेक्षकांच्या जवळ असावेत. प्रत्येक पान आणि प्रत्येक वीट खरी वाटलीच पाहिजे हा हट्ट सोडा. जागेची खूण पटवा, उरलेले काम प्रेक्षकांची कल्पनाशक्ती करील. प्राचीन ग्रीकांचे तसेच होते, असे त्याचे म्हणणे. ही योजना त्या वेळी नामंजूर झाली.

पण १८१५ साली नाट्यगृहाची सूत्रे काउंट ब्र्यूल यांच्याकडे आली आणि त्यांनी शिंकेलला बोलावले. १८ जानेवारी १८१६ रोजी मोट्सार्टचा 'जादूची बासरी' हा संगीत खेळ शिंकेलच्या देखाव्यांत झाला. त्यांतला रात्रीच्या राणीचा देखावा जगभर गाजला. निळेभोर आकाश. चांदण्या विखुरलेल्या नाहीत. ओळींत लावलेल्या आहेत, आणि त्या ओळी वर जात जात एकत्र येतात, जणू घुमटाच्या आतल्या फासळ्या. खाली चंद्रकोरीवर उभी एकटी राणी. बस्स! एकही खांब नाही, एकही भिंत नाही, तरी आकाशाचा महाल झाला. मला यातले मर्म असे वाटते की, विंगांशी जुळवायची रेषाच येथे नाही. कडेच्या माणसाला चांदण्या थोड्या तिरक्या दिसतील, पण आकाश फाटलेले दिसणार नाही, आणि राणी तर सर्वांना सारखीच दिसेल. शिंकेलने पुढे चाळीसहून अधिक खेळांचे देखावे केले. बर्लिनच्या स्टेट ऑपेरात १९९४ साली याच चित्रांवरून हा खेळ नव्याने उभा केला गेला.

१८१७ साली ते जुने राष्ट्रीय नाट्यगृह जळाले आणि नवे बांधण्याचे काम शिंकेलकडेच आले. २६ मे १८२१ रोजी ते उघडले. पडदा वर गेला तेव्हा मागे कोणता देखावा असावा? कोणा राजाचा महाल नव्हे. त्या चौकातल्या दोन घुमटांच्या देवळांमध्ये उभे असलेले तेच नवे नाट्यगृह पडद्यावर रंगवलेले होते! ज्या चौकातून लोक चालत आत आले, तोच चौक त्यांना समोर दिसला. राजाची बैठक याही नाट्यगृहात होती. शिंकेल काही बंडखोर नव्हता. पण त्या दिवशीचा देखावा ओळखावयाला राजाच्या खुर्चीत बसण्याची गरज कोणालाच नव्हती. ती इमारत दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झाली. पुन्हा बांधून १९८४ पासून तेथे गाण्याबजावण्याच्या मैफली होतात.

आपल्या मराठी रंगभूमीवरही हे पडदे आले, हे आपल्याला सांगावयास नको. राजवाडा, रस्ता, बगीचा, अरण्य असे ठराविक पडदे नाटक कंपन्यांच्या सामानात असत. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबुराव पेंटर या बंधूंनी केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीसाठी रंगवलेल्या पडद्यांची वाखाणणी अजून होते. पुढे १९३३ साली 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' रंगमंचावर आणले. राजवाडा गेला आणि तीन भिंतींची साधी खोली आली. याच नाटकात ज्योत्स्ना भोळे यांच्यासारख्या कुलीन घरातल्या स्त्रिया स्त्रीभूमिकांत उभ्या राहिल्या, ही आपल्याला विशेष अभिमानाची गोष्ट. अशा खोलीच्या बाजूच्या दोन भिंती काटकोनात न ठेवता प्रेक्षकांकडे फाकवून उभ्या करतात. का? कडेला बसलेल्याला आतले दिसावे म्हणून! पाहा, केवढीशी ही गोष्ट. पण कोणीतरी कडेला जाऊन बसला असेल, तेव्हाच ती सुचली असेल.

भगिनींनो, आता मूळ मुद्द्यावर येते. आपण यंदा राजवाड्याचा नवा पडदा आणि विंगांच्या तीन जोड्या करणार आहोत. वर्गणीही बरीच जमली आहे. माझा त्याला विरोध नाही. खोटा महाल पाहून खरा आनंद होतो. तो मलाही हवा आहे. मात्र तीन सूचना कराव्याशा वाटतात.

पहिली, रंग लावण्यापूर्वी नुसत्या खडूच्या रेषा काढून विंगा उभ्या कराव्यात, आणि सभागृहाच्या चारही कोपऱ्यांत व दारात एकेकीने उभे राहून पाहावे. जेथून महाल फाटलेला दिसेल तेथल्या रेषा बदलाव्यात, किंवा फटीमागे साधे काळे कापड सोडावे. त्याला खर्च थोडा आणि दासीचा चहाही झाकला जाईल!

दुसरी, मागचा पडदा असा करावा की तो एकटाही उभा राहू शकेल. शिंकेलच्या चांदण्या काढाव्यात असे मी म्हणत नाही, पण दहा खांबांऐवजी चांगले दोन पुरतात.

तिसरी सूचना चित्रकलेची नाही. यंदा फराळ नाटकानंतर वाढावा आणि स्वयंपाकघर पडदा वर जाण्यापूर्वी अर्धा तास बंद करावे. ज्या भगिनींनी दिवसभर चुलीपुढे घालवला, त्यांच्यासाठी मधल्या दोन रांगा राखून ठेवाव्यात. आम्ही पदाधिकारी कडेला बसू. आम्हाला फटी दिसल्या तर आम्ही त्या पुढच्या वर्षी बुजवू.

गेल्या वर्षी ज्या बाईंना मी गप्प केले, त्या आता समोर बसल्या आहेत; आणि बऱ्याच दिवसांनी बसल्या आहेत, उभ्या नाहीत. त्यांचे मी नाव घेत नाही, कारण त्यांना ते आवडायचे नाही. पण चूक त्यांच्या हसण्याची नव्हती. आम्ही महाल आमच्या खुर्चीपुरता बांधला होता, आणि तो कोठे फाटला आहे हे त्यांनीच प्रथम पाहिले. त्याबद्दल सर्वांसमक्ष त्यांची क्षमा मागते. यंदाच्या विंगा उभ्या करताना दारातून पाहण्याचे काम त्यांनीच पत्करावे, अशी विनंती करते.